बिनऔषधाची ओळ

नववा प्रश्न मी नेहमी घाईत विचारते. पहिले आठ सोपे आहेत. झोप लागती का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, हे तर शेजारीणपण विचारती. नववा तसा न्हाई. "गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं, असं वाटलं का?" हे माणसानं माणसाला कोणत्या तोंडानं विचारायचं? मी कागदावर नजर ठेवते, एका दमात म्हणून टाकते, समोरची "छ्या, काहीतरीच" म्हणली की शून्य लिहिते आणि स्कूटी चालू करते.

त्या दिवशी गोपिकामावशी छ्या म्हणली न्हाई.

टेंभुर्णीच्या शिवारात, मिरचीच्या शेडनेटात आम्ही दोघी उभ्या होतो. मावशी कंपनीच्या बियाण्याचं काम करून राह्यल्ती. कळी उघडायची, चिमट्यानं आतले नर काढायचे, खुणेला लोकरीचा धागा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या वाणाच्या परागाची पावडर लावायची. डोळे फुटायचं काम आहे ते. तिचा हात थांबला न्हाई आणि मान वर झाली न्हाई.

"दोन लिही," ती म्हणली.

शून्य म्हणजे कधीच न्हाई, एक म्हणजे कधीमधी, दोन म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस, तीन म्हणजे रोज. आमच्या कागदावर असं आहे.

"मावशी, नीट ऐकला का प्रश्न?"

"ऐकला. तूच म्हणती ना खरं सांगा. मंग लिही की."

मला आधी राग आला. भीती वाटली की मला रागच येतो, आईवर गेलेय त्या बाबतीत. चार आठवड्यांखाली हीच बाई याच ओळीत उभी राहून पोरींना शिव्या घालत होती, हसत होती, मला बळजबरी चहा पाजत होती. पहिल्या भेटीत तिचे मार्क अठरा आल्ते. आमच्या कागदावर जास्ती मार्क म्हणजे जास्ती आजार. सहाव्या आठवड्यात ते सहावर उतरले. मी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं की टेंभुर्णीची गोपिकाबाई सुधारली, आणि आता दहाव्या आठवड्यात वीस.

माझं नाव शिवकन्या. माहेर धावड्याचं, खोली टेंभुर्णीत, आणि ऑफिस नवीन जालन्यात एका बँकेच्या वर, दोन खोल्यांचं. तिथून उदासीच्या आजाराचा अभ्यास चालतो. गावात 'डोक्याची गोळी' म्हणलं की बाया दार लावून घेतात, म्हणून मी 'जीव लागत न्हाई त्याची गोळी' म्हणायला लागले, तेव्हा कुठं बाया बसून ऐकायला लागल्या. अभ्यास असा की निम्म्या बायांना असली, खऱ्या औषधाची गोळी द्यायची आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी. कोणाला कोणती ते बाईलाबी म्हाईत न्हाई, मलाबी न्हाई, आमच्या अर्पिता मॅडम डॉक्टर आहेत तर त्यांनाबी न्हाई. बाटलीवर नुसता नंबर असतो. कागदात कारणाचाबी एक रकाना आहे, कारण अभ्यासाला आजार कशानं लागतो तेबी पाह्यजे. गोपिकामावशीला कारण विचारलं होतं तेव्हा ती म्हणली होती, "पोरगं पुण्याला लागलं, लेक सुखात हाये, नवरा पीत न्हाई. कारण काय लिहिती? सकाळ व्हती, हेच कारण लिही." मी 'कारण सांगता येत नाही' असं लिहून टाकलं.

नियम असा की नवव्याला शून्य सोडून काहीबी आलं तर बाईला एकटं सोडायचं न्हाई आणि जल्दी मॅडमला फोन लावायचा. मी नेटाच्या बाहेर येऊन, तिच्यावर डोळा ठेवून, फोन लावला.

मॅडमनी आधी विचारलं, "गोळ्या मोजल्यात?"

"मोजते."

"आत्ता मोजा. आणि शिवकन्याताई, तिच्या घरच्यांना सांगा फवारणीची औषधं कुलपात घाला. मी गाडी पाठवते."

मावशीला स्कूटीवर मागं बसवली. ती नुसती माझ्या खांद्याला धरून बसली आणि सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राह्यली. आरशात दिसत होतं. तिचे पायबी पायदानावर सारखे हलत होते, आधी तसे हलत नव्हते. माझ्याबी पायाला भिंगरीच आहे, पण ते वेगळं.

घरी मच्छिंद्रकाका ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. मी त्यांना फवारणीच्या बाटल्यांचं सांगितलं. का म्हणून त्यांनी विचारलं न्हाई. बायकोकडं एकदा बघितलं, कोनाड्यातली किल्ली घेतली आणि मागं गेले. मी स्टीलच्या ताटात बाटली उपडी केली. गोळ्या अठरा पाह्यजे होत्या, अठराच भरल्या. बराबर. एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. मी वैतागले. गोळी रोज पोटात जाऊन राह्यली, आणि बाई सहावरून वीसवर. मंग औषधात काय माती होती का?

आणि मंग मला ताटात पिवळं दिसलं.

गोळ्या पांढऱ्या असतात. याही पांढऱ्याच होत्या, पण कडांना पिवळट. बोट लावलं तर बोटाला हळद. वास घेतला. हळद आणि थोडं तिखट.

"मावशी, तुम्ही गोळी कशात ठेवता?"

ती उंबऱ्याकडं बघायला लागली. काका किल्ली कनवटीला लावत आले आणि बिचाऱ्यांनी सहज सांगून टाकलं, "तिच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात असत्यात ना. चौघींच्या एकातच. तू येणार म्हणून काल बसून परत बाटल्यांत भरल्या बायांनी, ज्याच्या त्याच्या मोजून."

चौघींच्या. गोपिकामावशी, बेबीनंदा, द्वारकाबाई आणि तृप्ती. एकाच नेटात काम करणारी एकच टोळी, आणि चौघी आमच्या अभ्यासात. माझ्या चार नंबरच्या चार बाटल्या एका मसाल्याच्या डब्यात.

माझी कानशिलं तापली. मी मावशीला परत स्कूटीवर घातली आणि नेटात आणली. गाडीबी तिथंच यायची होती. बाकीच्या तिघी चहाला बसल्या होत्या आणि तो डबा तिथंच होता, गोल, सात वाट्यांचा, सहा वाट्या रिकाम्या आणि मधल्या वाटीत गोळ्यांचा पांढरा चुरा. मी तोंडाचा पट्टा सोडला. सगळं बोलले. तुम्हाला अक्कल आहे का, हे औषध आहे का खिरापत आहे, मी दहा आठवडे उन्हातान्हात हिंडून राह्यले ते कशासाठी, दोनशे बायांचा अभ्यास, तुम्ही चौघींनी माती केली त्याची. तृप्ती नवीन सून, वय बावीस, ती रडायला लागली. द्वारकाबाईनं कप खाली ठेवला.

बेबीनंदा तोंडाची खमकी. ती म्हणली, "हे बघ, बाई, आमचा टोळीचा रिवाज हाये. एकीची ओळ मागं राह्यली तर बाकीच्या तिच्या ओळीत घुसतात. रोज संध्याकाळी चौघींच्या ओळी बराबर सुटतात. मजुरी बराबर, भाकर बराबर. आता गोळी काय आकाशातून पडली का? गोपिकाबाईला गुण आला, आम्हाला काहीच न्हाई. ती म्हणली एकात टाका, रोज सकाळी डोळे झाकून एक एक उचला. ज्याच्या नशिबात असली आली त्याची. चार दिवसांत एक तर येईलच."

"मावशी म्हणली?"

"मंग कोण? तिचीच बाटली चांगली निघाली होती ना. आम्ही म्हणलं राहू दे. तर तीच ऐकंना."

मी मावशीकडं वळले. ती परत आपल्या झाडाजवळ जाऊन उभी राह्यली होती. चिमटा हातात, पण कळी काही सापडून राह्यली नव्हती तिला.

"तुम्हाला बरं वाटत होतं," मी म्हणलं. माझा आवाज चढलेलाच होता. "तुम्ही हसत होत्या. गोळी लागू पडली होती. मंग वाटून टाकायचं काय सुचलं तुम्हाला?"

"तूच सांगितलं होतं."

"मी?"

"पहिल्या दिवशी. इथंच." तिनं चिमट्यानं ओळ दाखवली. "तू म्हणली, मावशी, कंपनीवाले नवीन औषध मारून बघतात तेव्हा एक ओळ बिनऔषधाची सोडतात, तसंच समजा. काही बाया औषधाची ओळ, काही बाया बिनऔषधाची."

म्हणले होते. त्याचा मला अभिमान होता. ऑफिसात दोन तास शिकवलं होतं समजावून कसं सांगायचं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, नाणं उडवल्यासारखं, आणि कोणत्याच बाईला काही कळलं न्हाई. मी नेटात उभी राहून ओळीचा दाखला दिला आणि चौघींना एका मिनिटात कळलं. अर्पिता मॅडम खुश झाल्या होत्या. माझ्यासारख्या गावं करणाऱ्या सगळ्या पोरींना म्हणल्या, शिवकन्याताईंसारखं सांगा.

मावशी बोलतच होती, हळू, पण न थांबता. "पोरी, मी बारा वर्षं कंपनीच्या प्लॉटात काम केलंय. त्या ओळीचं पुढं काय करतात मला म्हाईत हाये. तिच्यावर मावा येतो, पानं गोळा व्हतात, सायेब येऊन फोटो काढतात, वहीत लिहितात. आणि शेवटी आम्हालाच सांगतात, उपटा आणि बांधावर नेऊन जाळा, रोग पसरंल. माझ्या हातानं उपटल्यात मी त्या ओळी. मला बरं वाटायला लागलं आणि मंग मला हेच दिसायला लागलं. ही तृप्ती, हिला रोज रडू येतं. हिची बाटली कोरी असंल तर? हिला कोण उपटणार हाये शेवटी?"

चहा तसाच निवत होता.

मला जे आठवलं ते तेव्हाच आठवलं. संमतीपत्राचं तिसरं पान. त्यावर लिहिलेलं आहे, मोठ्या अक्षरात, की अभ्यास संपल्यावर कोऱ्या गोळीच्या सगळ्या बायांना असली औषध फुकट मिळंल, आणि मधेच कोणाचं बिघडलं तर त्याच दिवशी मिळंल. ते पान वाचून दाखवायचं असतं. मी त्या दिवशी पहिली दोन पानं वाचली होती. बायांना दाखला कळला होता, ऊन चढलं होतं, मला अजून तीन गावं करायची होती. मी म्हणले होते, बाकीचं तेच ते आहे, इथं अंगठा करा, इथं सही. घाट उतरताना पाटी लागती, अति घाई संकटात नेई. ती मी वर्षभर रोज वाचून राह्यले.

गाडी आली. मी मावशीबरोबर मागं बसले आणि वाटेत मॅडमला फोन करून सगळं सांगितलं. डबा, हळद, ओळ. तिसऱ्या पानाशी माझी जीभ अडकली. पण बाजूला ती बाई बसली होती, काचेतून बाहेर बघत, बोटाला पदर गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. मी सांगितलं. "ते पान मी वाचलं न्हाई, मॅडम."

मॅडम म्हणल्या, "तो दाखला मी बाकीच्या अकरा पोरींना शिकवलाय." एवढंच म्हणल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज परत डॉक्टरसारखा झाला. "तुम्ही हे सगळं लिहून द्या. पानासकट. नोकरीचं काय होईल ते मला आत्ता सांगता येणार नाही. बाकीच्या तिघींना उद्या जालन्याला आणा. आणि गोपिकाबाईंच्या बाटलीचा नंबर मी उघडायला सांगते."

कोणत्या नंबरात काय, ते सहज उघडत न्हाईत. बाईच्या जिवाचा प्रश्न असला तरच उघडतात. आम्ही जालन्याच्या दवाखान्यात पोहोचायच्या आत निरोप आला. गोपिकामावशीची बाटली असली औषधाची होती.

म्हणजे बाई औषधानं बरी होत आल्ती. डब्यात टाकल्यापासून तिला कधी असली आली, कधी कोरी आली. मॅडम म्हणल्या की असं एकाएकी औषध तुटलं की जीव नुसता तळमळतो, झोप उडते, हातपाय थारी राहत न्हाईत. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. कोणाचा राग करावा तेच कळंना, आणि मला राग करायला कोणीतरी लागतंच.

तिला वॉर्डात ठेवून घेतलं. मच्छिंद्रकाका खाटेशी बसून राह्यले. दुसऱ्या दिवशी मी तिघींना घेऊन गेले. मॅडमनी एकेकीला आत बोलावून तपासलं, अर्धा अर्धा तास बोलल्या, आणि ज्याच्या त्याच्या आजाराप्रमाणं औषध लिहून दिलं. हे असलीच होतं, नंबर नसलेलं, सगळ्यांसमोर पाकिटातून फाडून घ्यायचं. अभ्यासातून चौघींचं नाव कटलं. मला वाटलं, चला, आता मार्गी लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणली, "तुमची मावशी गोळी गिळत न्हाई. पाण्याचा घोट घेती, मान हलवती, आणि गोळी तोंडातच ठेवती."

मी खाटेजवळ गेले. मावशीच्या पदराला गाठ होती. मी हात पुढं केला तशी तिनं गाठ मुठीत धरली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"तीन."

"कोणाच्या?"

"तुला म्हाईत हाये कोणाच्या."

"मावशी, त्यांना मिळाल्या त्यांच्या. मी स्वतः दिल्या."

"तू पहिल्या दिवशीबी स्वतः सांगितलं होतं."

मच्छिंद्रकाकांनी मान खाली घातली.

मी बाहेर येऊन बेबीनंदाला फोन लावला. नेटातलं काम टाकून या म्हणलं, पाकिटं घेऊन या. ती म्हणली, "सकाळची पावडर लावायची हाये, आज कळ्या वाया जातील." मी म्हणलं जाऊ द्या. मंग ती म्हणली, "येतो आम्ही."

दुपारच्या एसटीनं तिघी आल्या. मावशीच्या खाटेभोवती उभ्या राह्यल्या. तृप्तीनं पाकीट काढून दाखवलं, त्यातल्या दोन गोळ्या गेलेल्या होत्या. द्वारकाबाईनं तिचं दाखवलं. बेबीनंदानं पाकीट मावशीच्या हातातच दिलं, "मोज. आमच्यावर भरवसा न्हाई ना तुझा." मावशीनं खरंच मोजलं. पण गाठ सोडली न्हाई.

मी पिशवीतून संमतीपत्र काढलं, स्टूल ओढून बसले आणि तिसरं पान उघडलं. मी वाचायला लागले. सवयीनं पहिल्या दोन ओळी भराभर सुटल्या. मावशी म्हणली, "हळू." मी परत पहिल्यापासून वाचलं. कोणाला काय झालं तर काय करायचं. कोणाला फोन करायचा. अभ्यास संपल्यावर कोऱ्या गोळीच्या प्रत्येक बाईला औषध मिळंल, एकही पैसा न घेता, सहा महिने. प्रत्येक बाईला.

"हे तवाच लिहिलेलं होतं?" मावशीनं विचारलं.

"हो."

"त्याच दिवशी? याच कागदावर?"

"हो. मी वाचलं न्हाई. माझी चूक आहे, मावशी. तुम्ही चांगली ओळ मोडून दिली ती माझ्यामुळं."

ती माझ्याकडं बघत राह्यली. मला वाटलं शिव्या घालंल. घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं गाठ सोडली, तीन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी बोटं मिटवली. मंग सिस्टरनं आणलेली तिची गोळी तोंडात टाकली, तांब्यानं पाणी प्याली, आणि आम्हाला सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं. बेबीनंदानं वाकून आत बघितलं, चांगलं खात्री करून.

तिघींना पाचची एसटी धरायची होती. त्या गेल्या. मलाबी ऑफिसात जायचं होतं, लिहून द्यायचं राह्यलं होतं, मॅडम दोनदा फोन करून राह्यल्या होत्या. मी पिशवी उचलली.

"तो नववा विचारत न्हाईस का आज?" मावशी म्हणली.

"तुम्ही आता अभ्यासात न्हाई, मावशी. गरज न्हाई."

"विचार."

मी पिशवी खाली ठेवली. कागद नव्हता, म्हणून नजर कुठं ठेवायची ते कळंना. तिच्याकडंच बघितलं आणि एक एक शब्द सुटा करून विचारलं. वॉर्डात पंखा घरघरत होता. ती लय वेळ विचार करत बसली, खरा विचार, आणि मी तिला घाई केली न्हाई.

"एक," ती म्हणली. "शून्यबी म्हणले असते. पण शून्य म्हणलं की तू लगेच उठून जाती."

मी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि स्टूल खाटेजवळ ओढलं.